तंबाखूमुक्त शाळा

तंबाखूमुक्त शाळा : जिच्या आवारात विद्यार्थी, शिक्षक, शिपाई किंवा पाहुणा यांपैकी कोणीही तंबाखू खात वा ओढत नाही आणि जिच्या कुंपणापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकले जात नाहीत, अशी शाळा. व्याख्या सोपी आहे. अवघड आहे ते कुंपणाबाहेरचे.

भारतात या कल्पनेला कायद्याचा आधार मिळाला तो २००३च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायद्याने. त्याच्या सहाव्या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेच्या शंभर यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, ती विकणे हे गुन्हे आहेत. अंतर मोजायचे ते शाळेच्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, चहूबाजूंनी. गिऱ्हाईक सज्ञान होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुकानदारावर आहे. दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच, म्हणजे टपरीवाल्याला हिशेबात सहज धरता येईल इतका. म्हणून बाल न्याय अधिनियम, २०१५ महत्त्वाचा ठरतो. त्याच्या ७७व्या कलमाखाली मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न केवढा आहे, याचा अंदाज २०१९च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणातून येतो. भारतातील १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. २००९मध्ये हे प्रमाण १४.६ टक्के होते. महाराष्ट्राचा आकडा ५.१ टक्के, देशाच्या सरासरीपेक्षा कमी. पण त्याच पाहणीतली दुसरी नोंद अधिक बोचरी आहे : न ओढता तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती वयाच्या दहाव्या वाढदिवसापूर्वीच चाखली होती. सिगारेट आणि बिडी विकत घेणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना लहान वयामुळे दुकानदाराने नकार दिला नव्हता.

दहा वर्षांच्या आत तंबाखू तोंडात येते, ती बहुधा घरातून. महाराष्ट्रात तंबाखूचा मुख्य वापर ओढण्याचा नसून खाण्याचा आणि घासण्याचा आहे. २०१६-१७च्या प्रौढांच्या सर्वेक्षणात राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते; धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्याही आतच. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून केलेली मशेरी सकाळी दातांना लावण्याची सवय आजीकडून नातीकडे सहज जाते, कारण तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. 'जा रे, पुडी घेऊन ये' असे सांगून बाप मुलाला टपरीवर धाडतो, तेव्हा दुकानदारही त्याला गिऱ्हाईक न मानता निरोप्या मानतो. कायद्याला हा फरक मान्य नाही. गल्लीला तो पूर्ण मान्य आहे.

शाळांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नऊ निकष आहेत : प्रवेशद्वारावर व आत फलक, आवारात थोटके-पिचकाऱ्यांच्या खुणा नसणे, सहा महिन्यांतून निदान एक उपक्रम, तंबाखू-निरीक्षकाची नेमणूक, शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळी रेघ इत्यादी. महाराष्ट्रात या कामाला या सूचनांच्या आधीपासूनच वेग होता. २००२मध्ये स्थापन झालेल्या सलाम मुंबई फाउंडेशनने महापालिकेच्या शाळांपासून सुरुवात केली आणि पुढे ग्रामीण भागातल्या शाळांचे शिक्षकही त्यात ओढले. अशा निकषांतला धोका उघड आहे. फलक लावून, फोटो काढून निकष कागदावर पूर्ण करता येतात. पिवळी रेघ मारायला एक दुपार पुरते, ती पाळली जाते की नाही हे पाहायला वर्ष लागते.

नुसत्या शिकवण्याने किती साधते, याची दोन टोकांची उत्तरे संशोधनात सापडतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ४० शालेय जिल्ह्यांपैकी निम्म्या जिल्ह्यांतील मुलांना तिसरीपासून बारावीपर्यंत धूम्रपानविरोधी धडे दिले गेले. २०००मध्ये निष्कर्ष आला : धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत काहीही फरक नाही. उलट दिल्ली आणि चेन्नईतील ३२ शाळांपैकी निम्म्या शाळांत २००४ ते २००६ या काळात राबवलेल्या 'मैत्री' प्रकल्पात सहावी ते नववीच्या मुलांमध्ये तंबाखूचा वापर घटला, तर तुलनेसाठी निवडलेल्या शाळांत तो वाढला. तिथे वर्गातल्या तासांना जोड होती ती शाळेतल्या फलकांची, पालकांना पाठवलेल्या पत्रकांची आणि मुलांनी मुलांसाठी चालवलेल्या उपक्रमांची. दोन्ही देशांची परिस्थिती वेगळी, प्रयोगाचा काळही वेगळा; तरी पाठ्यपुस्तकातला एक धडा वाढवून काम झाले असे मानणाऱ्यांनी वॉशिंग्टनचा अनुभव जरूर पाहावा.

गुरुजींच्या खिशातल्या चुनाडबीचे काय, हा प्रश्न बिहारने धसाला लावला. तेथील ७२ शाळांपैकी निम्म्या शाळांत मुलांऐवजी शिक्षकांनाच तंबाखू सोडायला मदत करण्याचा प्रयोग झाला. तो संपल्यावर नऊ महिन्यांनी पाहिले, तेव्हा किमान सहा महिने तंबाखूपासून दूर राहिलेले शिक्षक या शाळांत १९ टक्के होते, इतर शाळांत सात टक्के.

विदर्भात शाळा तंबाखूमुक्त करण्याच्या कामाला आणखी एक पदर आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून दिला जाणारा खर्रा कुठल्याही कंपनीच्या वेष्टनात येत नाही. त्यामुळे वेष्टनावरचे सचित्र इशारे त्याला लागू पडण्याचा प्रश्नच उरत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने चालणारे 'मुक्तिपथ' अभियान त्यामुळे शाळेइतकीच ग्रामसभेवर भिस्त ठेवते : गावानेच ठरवायचे की गावात विक्री नाही.

राज्याने २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा बाजाराने पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या शेजारी टांगल्या. गिऱ्हाईकाने स्वतः मिसळायच्या. सप्टेंबर २०२०मध्ये सुट्या सिगारेट आणि बिड्या विकण्यावरही महाराष्ट्रात बंदी आली. मुलांच्या दृष्टीने ही बंदी विशेष मोलाची, कारण अख्ख्या पाकिटाचे पैसे शाळकरी खिशात क्वचितच असतात, एका सिगारेटचे मात्र डब्याच्या पैशांतूनही निघतात.