शिक्षेऐवजी परिवीक्षा : कायदा काय सांगतो?

गुन्हा सिद्ध झाला म्हणजे आरोपीची रवानगी तुरुंगात होणारच, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. किरकोळ चोरीच्या गुन्ह्यात प्रथमच सापडलेल्या तरुणाला सराईत गुन्हेगारांच्या सहवासात ठेवले, तर तो सुधारण्याऐवजी अधिक बिघडण्याचा धोका असतो. हे लक्षात घेऊन मुंबई प्रांताने १९३८ मध्येच परिवीक्षेचा कायदा केला होता. पुढे केंद्राचा अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ आला. नोकरीतील 'प्रोबेशन'शी, म्हणजे उमेदवारीच्या काळाशी, याचा काही संबंध नाही.

यातील सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे कलम ३ अन्वये समज देऊन सोडणे. चोरी, फसवणूक यांसारखे काही ठरावीक गुन्हे किंवा दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेले गुन्हे यात मोडतात. मात्र आरोपीवर पूर्वीचा कोणताही गुन्हा शाबीत झालेला नसावा. येथे हमीपत्र नाही, देखरेखही नाही.

प्रत्यक्षात अधिक महत्त्वाचे आहे ते कलम ४. फाशी किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यात न्यायालय आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. त्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असते. या काळात शांतता राखणे आणि बोलावणे येताच शिक्षा ऐकण्यासाठी हजर राहणे बंधनकारक असते. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास किमान एक वर्षासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते. मद्यपान टाळणे, राहण्याचे ठिकाण न बदलणे अशा अटीही घालता येतात. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत काम करतात. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याचा आदेश कलम ५ खाली देता येतो. फिर्यादीच्या दृष्टीने हीच बाजू मोलाची. पण तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

वय २१ वर्षांपेक्षा कमी असेल तर कलम ६ लागू होते. तेथे परिवीक्षा हा नियम आणि कारावास हा अपवाद ठरतो. जन्मठेपेचा गुन्हा नसल्यास न्यायालयाला अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि तुरुंगात पाठवायचेच असेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. वय मोजायचे ते न्यायालय दोषी ठरवते त्या दिवशीचे, गुन्ह्याच्या दिवशीचे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या सुमारास रामजी मिसर खटल्यात स्पष्ट केले.

याखेरीज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६० मध्ये अशीच तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०१ ने घेतली आहे. मात्र १९५८ चा अधिनियम जेथे लागू आहे, तेथे तोच चालतो.

सवलत सरसकट मिळत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याखालील बहुतेक गुन्ह्यांत सज्ञान आरोपीला ती नाकारलेली आहे. बेदरकार वाहन चालवून मृत्यूस कारण ठरणाऱ्या चालकाला परिवीक्षा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग प्रकरणात बजावले.

आणखी एक गैरसमज सरकारी नोकरांत आढळतो. परिवीक्षा मिळाली म्हणजे दोषसिद्धी पुसली गेली, असे नव्हे. कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटलेली कायदेशीर अपात्रता टळते. पण मूळ वर्तनाबद्दल खाते कारवाई करू शकते. न्यायालयांनी हे वेळोवेळी सांगितले आहे. म्हणून नोकरदार आरोपीने गुन्हा कबूल करण्यापूर्वी वकिलाशी याविषयी बोलणे हिताचे.

अटी मोडल्या तर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकते. पहिल्या चुकीला ५० रुपयांपर्यंत दंडावरही भागते. ही रक्कम १९५८ पासून बदललेली नाही! खालच्या न्यायालयात परिवीक्षेची मागणी राहून गेली असली, तरी कलम ११ अन्वये अपिलात किंवा पुनरीक्षणात वरचे न्यायालयही असा आदेश देऊ शकते.