विवाहविधी व विवाहनोंदणी (यवतमाळ जिल्हा)

विवाहासाठी प्रार्थनास्थळाची नोंद करून घेण्याची इंग्लंडमधली पद्धत भारतात नाही. यवतमाळ जिल्ह्यातही देऊळ, मशीद वा बुद्धविहार यांना लग्न लावण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. हिंदू विवाह अधिनियम, 1955 हा विधीला महत्त्व देतो, जागेला नाही. त्यामुळे घरापुढच्या मांडवात लागलेले लग्न देवळातल्याइतकेच वैध असते. नवबौद्ध विवाहांनाही हाच कायदा लागू आहे.

ख्रिस्ती विवाहाचे मात्र वेगळे आहे. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमात शासनाचा परवाना धर्मोपदेशकाला मिळतो, आणि विवाह सर्वसाधारणपणे सकाळी 6 ते सायंकाळी 7 या वेळेतच लावावा लागतो. यवतमाळ हे फ्री मेथडिस्ट मिशनचे जुने केंद्र. 

महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी अधिनियमानुसार वधूवरांनी तीन साक्षीदारांसह, विवाहानंतर 90 दिवसांत, विवाह निबंधकापुढे हजर राहून विवाहाचे ज्ञापन द्यायचे असते. खेड्यात ग्रामपंचायत, तर पुसद, वणी यांसारख्या गावी नगरपरिषद हे काम पाहते. लग्न लावणाऱ्या भटजी, काझी वा भंतेजींची ज्ञापनावरची सही लग्नाच्या दिवशीच घेतलेली बरी; नंतर त्यांना शोधत फिरणे जिकिरीचे होते. नोंद करायची राहिली म्हणून विवाह रद्द ठरत नाही. उलट, विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले. विधीच नको असल्यास विशेष विवाह अधिनियम, 1954 आहे. त्यात 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते.