मुलींनी काय शिकावे, हे कोणी ठरवले?

मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी म्हणाले, “एखादी पाककृती देते.” त्या हसून म्हणाल्या, “पाककृती पुष्कळ आल्या आहेत. मुलींच्या संध्याकाळच्या वर्गाचे वेळापत्रक करणाऱ्या समितीत तुम्ही आहात ना? मग त्यावरच लिहा.” मी सातवी शिकलेली बाई. लेख लिहिण्याचा सराव नाही. तरी जे वाचले आणि जे सोसले ते भगिनींपुढे ठेवते.

समितीच्या पहिल्याच बैठकीत वाद झाला, हे बहुतेकींना ठाऊक आहेच. काहीजणी म्हणाल्या, शिवण, विणकाम आणि रुखवताचे जिन्नस शिकवावे. मुलगी सासरी गेली की तेच उपयोगी पडते. काहीजणींचे म्हणणे, इंग्रजी आणि हिशोब शिकवा. मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र मंडळाच्या कपाटातली पुस्तके काढून वाचू लागले. तेव्हा कळले, की हा वाद आपल्या मंडळाचा नव्हेच. तो दीडशे वर्षांचा जुना आहे!

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचे नायगाव आमच्या माहेरच्या सातारा जिल्ह्यातले, म्हणून मला त्यांचा विशेष अभिमान. त्यांच्यावर दगड आणि शेण फेकले गेले, हे आपण शाळेत ऐकलेले असते. पण त्या काय शिकवीत, हे फारसे कोणी सांगत नाही. वाचन, लेखन, व्याकरण, गणित असे विषय त्या शाळांतून मुलींना शिकवले जात. त्याचे फळ १८५५ साली दिसले. मुक्ता साळवे नावाच्या मातंग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तीनेक वर्षे शाळेत गेलेली ती मुलगी सगळ्या समाजाला जाब विचारते! नुसती अक्षरओळख झाली असती, तर हे घडते ना.

पुढे १८८२ साली सरकारने हंटर साहेबांचा शिक्षण आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, ते मी दोनदा वाचले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची त्यांनी यादीच दिली आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, थोडा इतिहास, भूगोल आणि व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. शिक्षक शेतकरी वर्गातलेही असावेत, त्यांना शिक्षण द्यावे, पगार बरा द्यावा, हेही त्यात आहे. म्हणजे विषय ठरवून भागत नाही, शिकवणारा कोण हेही बघावे लागते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी सांगितले.

खरा वाद पेटला तो १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाल्यावर. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर, वामन आबाजी मोडक अशा मोठ्या माणसांनी ते काढले. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणतो. तिथे इंग्रजी, गणित वगैरे विषय होते. १८८७ च्या सुमारास लोकमान्य टिळकांच्या पत्रांतून यावर कडक टीका झाली. मुलींना घरकामाला उपयोगी पडेल असे शिकवावे, मातृभाषा, शिवण आणि धर्मनीती शिकवावी, आणि अकरा ते पाच ही शाळेची वेळ मुलींना सोयीची नाही, असा त्या टीकेचा रोख होता. लोकमान्यांविषयी माझ्या मनात आदर आहे, त्यात उणे येणार नाही. परंतु वेळेचा मुद्दा वाचताना मी थांबले. घड्याळाचा काटा आला, की पुस्तकातला अभ्यासक्रम मागे पडतो, हे मी स्वतः भोगले आहे. ते पुढे सांगते.

महर्षी कर्वे यांनी निराळा मार्ग काढला. जपानातल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. शिकवणे मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून, शिवाय आरोग्य, गृहशास्त्र आणि बालसंगोपन. अण्णासाहेब स्वतः फर्ग्युसन कॉलेजात वर्षानुवर्षे गणित शिकवीत होते, पण आपल्या विद्यापीठात त्यांनी गणित सर्वांना सक्तीचे ठेवले नाही! काहींना हे मागे जाणे वाटले. मला वाटते, त्यांनी हिंगण्याच्या आश्रमातल्या विधवा डोळ्यांपुढे ठेवल्या असतील. ज्या मुली येतच नव्हत्या, त्या येतील असा रस्ता त्यांनी केला. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले तेव्हा विद्यापीठाला बळ आले, आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लागले. पैशावाचून कोणताही अभ्यासक्रम कागदावरच राहतो.

पैशाची दुसरी बाजूही त्याच वर्षी पुण्यात दिसली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची गोष्ट निघाली, तेव्हा पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलग्यांना सक्ती करावी, मुलींचे मागून पाहू, असे नगरपालिकेत म्हणणारे पुष्कळ होते. त्यावर बायकांनी मिरवणूक काढली. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे त्यात पुढे होत्या. ‘मागून पाहू’ म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको!

स्वातंत्र्यानंतर या वादाचा निकाल लागला, निदान कागदावर तरी. मुलगे आणि मुली यांना निराळे अभ्यासक्रम असावेत का, हे पाहायला हंसाबेन मेहता यांची समिती नेमली होती. १९६४ साली तिने सांगितले, की असा भेद नको. घरकामाचे शिक्षणही केवळ मुलींचे समजू नये. पाठोपाठ कोठारी आयोगाने १९६६ साली तेच उचलून धरले, आणि पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांना असावे असे म्हटले. १९६७ साली पुण्यात बालभारती स्थापन झाली. तिची पुस्तके गावोगावी गेली. मुलग्याचे आणि मुलीचे पुस्तक एकच झाले.

आता माझी गोष्ट. मी शाळेत होते ती १९९३ पर्यंत. पुस्तक एकच होते खरे. पण कार्यानुभवाच्या तासाला मुलगे मैदानात वाफे करायला जात, आणि आम्ही मुली टाके घालत बसत असू. असे कोणत्या पुस्तकात लिहिले होते? कुठेच नाही. गुरुजींनाही त्यात काही वावगे वाटले नाही, आणि आम्हालाही नाही. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून होते. सहावीत बाई रजेवर गेल्या, त्यांच्या जागी कोणी आले नाही, आणि निम्मे पुस्तक तसेच राहिले. सातवीनंतर गावात शाळा नव्हती. हायस्कूल पाच किलोमीटरांवर. एसटी सकाळी लवकर जाई आणि दिवेलागणीला येई. सकाळचे पाणी कोण भरणार, धाकट्या भावाला कोण पाहणार, आणि अंधारात मुलगी एकटी कशी येणार? वडील म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.” पुढचे वर्ष आले, पण ते बघणे काही झाले नाही. वडिलांना मी दोष देत नाही. पण माझ्या पुस्तकातला आठवीचा भाग एसटीच्या वेळेने ठरवला, हे खरे.

माझ्या मुलीला पहिलीपासून इंग्रजी मिळाले, कारण २००० सालापासून महाराष्ट्रात तसे सुरू झाले होते. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. २०१९ साली दुसरीच्या बालभारतीत बाई आणि पुरुष दोघे मिळून भाजी निवडताहेत असे चित्र आले. शेजारच्या लेकराचे पुस्तक पाहताना ते चित्र मी तिच्या आजीला दाखवले. त्या म्हणाल्या, “चित्रात निवडतोय. घरात कधी निवडेल?” हंसाबेनच्या समितीला जे सांगायचे होते, ते त्या माउलीने एका प्रश्नात सांगितले.

भगिनींनो, हे सारे वाचून माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. काय शिकवायचे हे मोठी माणसे ठरवतात. पण ते पोरीच्या पदरात पडेल की नाही, हे शिकवणारा, पैसा, वाट, आणि सगळ्यात जास्त म्हणजे घरचे घड्याळ ठरवते. म्हणून दुसऱ्या बैठकीला मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी, की आधी मुलींनाच विचारावे. विचारले, तेव्हा एकीने बँकेचा अर्ज भरायला शिकवा म्हटले, दुसरीने व्याजाचा हिशोब, तिसरीला शिवणच हवे होते, कारण तिला ब्लाउज शिवून पैसे मिळवायचे आहेत. त्यामुळे शिवण ठेवले आहे, आणि हिशोब व इंग्रजीही ठेवले आहे. रविवारी स्वयंपाकाचा तास आहे, त्याला मुलगेही येणार. त्यावर थोडे हसू झाले, पण ठराव मंजूर झाला.

दुसरी गोष्ट मंजूर करणे समितीच्या हाती नाही, तुमच्या हाती आहे. वर्गाची वेळ साडेसहा ते साडेसात ठरली आहे. ती भाकरीची वेळ आहे. त्या तासाला मुलीला चुलीपाशी हाक मारली, की आपले वेळापत्रक तिथेच संपले. तेवढा एक तास भाकरी आपण थापू, आणि ताटे मुलगा मांडील. माझ्या पुढच्या वर्षीचे बघणे राहून गेले. या मुलींचे राहू नये, एवढीच विनंती आहे.

लेखात काही चुकले-माकले असेल, तर सांभाळून घ्यावे.