मेदोहर हिरडा आणि चांद्याचे रान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 21 व्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ देहप्रकारांची गणना आहे. त्यांपैकी अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाच विचार ग्रंथकाराने सविस्तर केला असून, अतिस्थूलाच्या उपायांत गुळवेल, नागरमोथा आणि त्रिफळा, म्हणजे हिरडा, बेहडा व आवळा, यांचा समावेश आहे. सुश्रुतसंहितेत तर कफ व मेद शोषून घेणाऱ्या वृक्षांचा सालसारादि नावाचा गण, म्हणजे समान गुणांच्या वनस्पतींचा वर्ग, सांगितला आहे, आणि त्यातील खैर, बिजा, धावडा, अर्जुन, साग ही नावे वाचताना ताडोबाच्या मोहर्ली भागातील पानझडी जंगलाचीच यादी वाचत असल्याचा भास होतो. त्यावरून हे ज्ञान याच रानात उपजले असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, कारण हिमालयातील भूर्जही त्याच गणात आहे. शिवाय चरकाचा अतिस्थूल मनुष्य गोड-स्निग्ध खाणारा, दिवसा झोपणारा आणि व्यायाम टाळणारा आहे; मोहफुले वेचून उन्हाळा काढणाऱ्या गोंड कुटुंबाला अशा औषधाची गरज भासण्याचे कारण नव्हते.

नागपूरचे भोसले राज्य खालसा होऊन ताडोबाचा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, इंग्रजांकडे गेल्यावर या झाडांची ओळखच पालटली. 1878 च्या वन कायद्याखालील राखीव जंगलांच्या व्यवस्थेत साग इमारती लाकूड ठरला, खैर कातासाठी मोलाचा ठरला, आणि हिरड्याला, जो त्या काळी हिंदुस्थानातून विलायतेच्या चर्मोद्योगाकडे मोठ्या प्रमाणावर जात असे, टॅनिनमुळे भाव आला. टॅनिन हे प्रथिनांना घट्ट चिकटणारे तुरट द्रव्य असून कातड्यातील कोलाजेनशी त्याचा बंध जुळला की कातडे कुजत नाही. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत रुळली, तशी ही मागणी ओसरली.

गंमत अशी की, प्रयोगशाळांनी पुढे स्थूलतेच्या संदर्भात हिरड्याकडे पाहिले तेही याच गुणामुळे. आहारातील चरबीचे पचन करणारे लायपेज हे स्वादुपिंडातील विकरही प्रथिनच असल्याने टॅनिन परीक्षानळीत त्याचे काम मंदावते. मात्र परीक्षानळीतील परिणाम माणसाच्या आतड्यात तेवढाच दिसेल असे नाही, आणि हिरड्याने वजन घटते असा भक्कम वैद्यकीय पुरावा अद्याप नाही. लायपेज रोखणारे ऑर्लिस्टॅट हे मान्यताप्राप्त औषध तर वनस्पतीतून नव्हे, जिवाणूतून मिळालेल्या लिपस्टॅटिनपासून आले. कोकणातल्या कोकमाच्या कुळातील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा गाजावाजाही बराच झाला, पण 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

इकडे रानात मात्र हिरड्यासारख्या उपजावरचा हक्क बदलला. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून वनात मिळणाऱ्या वनस्पतिजन्य उत्पन्नावर, वनवासी समाजाची मालकी मान्य केली, आणि शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तेथील ग्रामसभांची मोठी कमाई आजही बांबू व तेंदूपत्त्याची आहे. हिरडा केंद्राच्या आधारभूत किमतीच्या यादीत असला तरी त्याची जागा दुय्यमच आहे.