दिनविशेष : ११ डिसेंबर – कोयनेच्या धक्क्याची नोंद
१९६७ साली आजच्या दिवशी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर भूकंपाने हादरले. सुमारे १८० माणसे दगावली. कोयना धरणाच्या पोटातील गॅलरीत बसवलेला, त्वरण नोंदवणारा ॲक्सिलरोग्राफ मात्र ऐन वेळी जागा झाला. नेहमीचा भूकंपमापक इतक्या जवळच्या धक्क्यात कामाचा राहत नाही, त्याची रेघ पट्टीबाहेर जाते. ॲक्सिलरोग्राफ हे यंत्र एरवी गप्प असते, जमीन जोरात हलली की चालू होते. त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट त्वरण टिपले. आराखड्यात धरले होते अवघे ०.०५! तरीही भिंत तडे सोसून उभी राहिली. पुढे तिला काँक्रीटचे टेकू दिले. जगभरचे धरण-अभियंते आजही आपली गणिते या नोंदीवर पडताळून पाहतात.