तख्त-मोटारीची सनद : हैदराबादच्या एका रोल्स-रॉइसचा मालकीशोध

जमिनीच्या मालकीचा शोध घेण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. सनद, फर्मान, इनामपत्र, पाहणीखर्डा, सातबारा अशी एकेक पायरी उतरत अभ्यासक मूळ धन्यापर्यंत पोहोचतो. जुन्या मोटारीच्या बाबतीत अशी शिस्त क्वचितच पाळली जाते. 'ही अमुक महाराजांची गाडी' एवढ्या एका वाक्यावर तिची किंमत आणि तिचा इतिहास दोन्ही ठरून जातात. हदीसशास्त्रात 'मतन' म्हणजे मूळ मजकूर आणि 'इस्नाद' म्हणजे तो मजकूर एकाकडून दुसऱ्याकडे आल्याची साखळी, या दोन्हींची स्वतंत्र पारख केली जाते. मोटारीच्या इतिहासालाही हाच न्याय लावता येतो. गाडी हा मजकूर, तर तिचे मालक ही साखळी. या दृष्टीने हैदराबादची १९१२ची 'तख्त-मोटार' हे एक उद्बोधक उदाहरण आहे.

मागणी एकाची, वापर दुसऱ्याचा

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ मध्ये रोल्स-रॉइस कंपनीकडे या मोटारीची मागणी नोंदवली. २९ ऑगस्ट १९११ रोजी, म्हणजे ४ रमजान १३२९ हिजरीला, त्यांचे निधन झाले आणि पंचविशीतले मीर उस्मान अली खान गादीवर आले. मोटार हैदराबादेत पोहोचली ती नव्या निजामांच्या कारकिर्दीत. पिवळा रंग हा आसफजाही निशाणाचा रंग; तोच या गाडीला देण्यात आला. आत निजामांसाठी तख्तासारखे उंच आसन होते आणि त्यावरूनच गाडीला नाव पडले. म्हणजे साखळीच्या पहिल्याच कडीत मागणी करणारा आणि स्वीकारणारा असे दोन वेगळे इसम आहेत. 'पहिला मालक कोण?' या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एका नावात देता येत नाही.

कारखान्याची नोंद

त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी संपूर्ण मोटार विकत नसे. डर्बीच्या कारखान्यात चासी व इंजिन तयार होई आणि वरचा साठा दुसरा कारागीर बांधी. 'सिल्व्हर घोस्ट' या सहा सिलिंडरच्या प्रकारातील या गाडीचा साठा लंडनच्या बार्कर कंपनीने बांधला. चासीचा क्रमांक एक, इंजिनाचा दुसरा. प्रत्येक चासीची स्वतंत्र कार्डे ठेवली जात. त्यांवर ग्राहकाचे नाव, साठा बांधणारी कंपनी आणि तारखा नोंदलेल्या असत. ही कार्डे आज इंग्लंडमधील पॉलर्सपरी येथे, त्या गाड्यांच्या चाहत्यांच्या संस्थेकडे जतन केलेली आहेत. साठा बदलता येतो, रंग बदलता येतो, इंजिनही बदलता येते. म्हणून शोधाचा आरंभ नेहमी चासीच्या क्रमांकापासून करावा लागतो. नंबरपाटीपासून केलेला शोध बहुधा भरकटतो.

फसलीची गफलत

ब्रिटिश हिंदुस्थानात मोटारींचा देशव्यापी कायदा झाला तो १९१४ मध्ये, आणि तोही संस्थानांना लागू नव्हता. हैदराबादचा कारभार स्वतंत्र होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे दफ्तरातील फारसीची जागा उर्दूने घेतली होती. कागदांवर तारखा हिजरी आणि फसली अशा दोन्ही सनांत येतात. हैदराबादचे फसली वर्ष त्या काळी ऑक्टोबरमध्ये सुरू होई आणि त्या सनात ५९० मिळवले की आरंभीचे इसवी वर्ष मिळे. त्यानुसार १३२१ फसली म्हणजे १९११-१२. परंतु हाच आकडा हिजरी समजून वाचला, तर आपण १९०३-०४ मध्ये जाऊन पोहोचतो. रोल्स आणि रॉइस यांची पहिली भेट मे १९०४ मधली. म्हणजे सन ओळखण्यातल्या एका चुकीमुळे कंपनीच्या जन्माआधीच गाडी हैदराबादेत धावू लागते!

राज्याची की खासगी?

यापेक्षा अवघड प्रश्न मालकीच्या स्वरूपाचा आहे. निजामांच्या राज्यात 'दिवानी' म्हणजे सरकारी आणि 'सर्फ-ए-खास' म्हणजे निजामांचे खासगी, असे दोन वेगळे कारभार होते. वस्तू कोणाच्या खजिन्यातून खरेदी झाली, यावर तिची मालकी ठरते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात सामील झाले आणि १९४९ मध्ये सर्फ-ए-खासचा प्रदेश दिवानीत विलीन झाला. माजी संस्थानिकांची खासगी मालमत्ता कोणती आणि सरकारची कोणती, हे भारत सरकारशी झालेल्या करारांनी व त्यांच्या याद्यांनी ठरले. फेब्रुवारी १९६७ मध्ये उस्मान अली खान यांचे निधन झाले व वारसा नातू मुकर्रम जाह यांच्याकडे गेला. १९७१च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे व संस्थानिकांची मान्यता संपली. चौमहल्ला राजवाडा दुरुस्तीनंतर २००५ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि तख्त-मोटार तेथे पाहायला मिळू लागली. मुकर्रम जाह जानेवारी २०२३ मध्ये निवर्तले.

गाडी जागेवर, राज्य बदलते

या काळात हैदराबाद शहर निजामांचे राज्य, हैदराबाद राज्य, १९५६ नंतर आंध्र प्रदेश आणि २०१४ नंतर तेलंगण अशा चार राजवटींत होते. नोंदणीची अक्षरेही बदलली : एपी, मग टीएस आणि मार्च २०२४ पासून टीजी. मराठी मुलखाचा अनुभव वेगळा नाही. मराठवाड्यातील मोटार १९५६ मध्ये हैदराबादची मुंबई राज्याची झाली आणि १९६० मध्ये महाराष्ट्राची. बेळगावची गाडी मुंबई राज्यातून म्हैसूरात आणि १९७३ मध्ये राज्याच्या नामांतराने कर्नाटकात गेली. बडोदे १९४९ मध्ये मुंबईत आणि १९६० मध्ये गुजरातेत आले. इंदूर व ग्वाल्हेर १९४८ मध्ये मध्यभारतात आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात गेले. गोव्यातील १९६१ पूर्वीचे कागद पोर्तुगीजमध्ये. गाडी एकाच वाड्याच्या पागेत उभी असली, तरी तिचे दफ्तर मात्र तीन-चार ठिकाणी विखुरलेले असते.

आजची निकड

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीस 'व्हीए' अक्षरे, २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवण्याची मुभा आहे. ही मुभा अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाची. कारण जुना क्रमांक हा साखळीचा एक दुवा असतो आणि तो पुसला की मागचा कागद सापडणे कठीण होते. त्याचबरोबर नोंदणीपुस्तक हा मालकीचा पुरावा असला, तरी तो अंतिम पुरावा नव्हे, हेही विसरता कामा नये. खरेदीपत्र, वारसपत्र आणि ताबा यांचा मेळ बसावा लागतो.

हैदराबादच्या पुराभिलेखागारातील आसफजाही काळाचे दफ्तर फारसी व उर्दूत आहे. त्यातले बरेच शिकस्ता वळणाचे. हे वळण वाचणारे हात दर पिढीत कमी होत आहेत. जुन्या घराण्यांतील बिले, पावत्या आणि पत्रे रद्दीच्या भावाने जातात, आणि मग रिकाम्या जागी दंतकथा येऊन बसतात. मोटार दुरुस्त करणारा कारागीर पैसे मोजले की मिळतो. तिची सनद वाचणारा मात्र घडवावा लागतो. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांची जाण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे काम हाती घेण्याजोगे आहे.