बटलर, बेंजामिन फ्रँकलिन
(५ नोव्हेंबर १८१८–११ जानेवारी १८९३). अमेरिकन वकील, सेनानी व राजकारणी. जन्म न्यू हॅम्पशरमधील डिअरफील्ड येथे. लोएल या गिरणगावात त्याने वकिलीत नाव कमावले आणि कामगारांसाठी दहा तासांच्या दिवसाची मागणी लावून धरली. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढताना रणांगणावर तो सामान्यच ठरला. त्याचे खरे कर्तृत्व कायद्याच्या जाणकारीत आहे. मे १८६१ मध्ये त्याच्या ताब्यातील व्हर्जिनियाच्या मन्रो किल्ल्यात तीन गुलाम आश्रयाला आले. मालकाचा प्रतिनिधी पळपुट्या गुलामांच्या कायद्यावर बोट ठेवून त्यांना परत मागू लागला. तेव्हा बटलरने सुनावले, की व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवत असेल, तर अमेरिकेच्या कायद्याचे संरक्षण तिला मागता येणार नाही. शत्रूच्या तटबंदीवर राबवली जाणारी ही ‘मालमत्ता’ युद्धात जप्त होऊ शकते. ऑगस्टमध्ये काँग्रेसने जप्तीचा कायदा करून हेच तत्त्व उचलले.

माणसांना मालमत्ता मानणाऱ्याला गुलामांच्या मुक्तीचे श्रेय का द्यावे, असा आक्षेप रास्त आहे. शिवाय १८६० च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात तो पुढे दक्षिणेचा अध्यक्ष झालेल्या जेफर्सन डेव्हिसला पुनःपुन्हा मत देत होता. युद्धकाळात व्यापलेल्या न्यू ऑर्लिअन्सच्या स्त्रियांविषयीचा त्याचा अपमानकारक हुकूम तर समर्थनीय नाहीच. पण निव्वळ संधिसाधू माणूस युद्ध संपताच थांबला असता. बटलरने १८७१ चा कू क्लक्स क्लॅनविरोधी कायदा व १८७५ चा नागरी हक्क कायदा यांसाठी झुंज दिली. १८८३ मध्ये मॅसॅचूसेट्सचा गव्हर्नर असताना जॉर्ज रफिन या कृष्णवर्णीय वकिलाला न्यायाधीश नेमले. वॉशिंग्टन येथे त्याचे निधन झाले.